खोबऱ्या आंब्याची पूर्वेची फांदी

नोकरी कशाची केली, असं कुणी विचारलं तर मी "शेतकीत होतो" एवढंच सांगतो. सगळं सांगितलं तर लोक हसतात. कारण नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझं काम झाडांची फुलं बघण्याचं आणि मोजण्याचं होतं. पौष सरता सरता आंब्याला मोहोर फुटला की मी वही, भिंग आणि दाभण घेऊन निघायचो, तो फाल्गुनात कैऱ्या वाटाण्याएवढ्या होईपर्यंत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आमराया हिंडायचो. गावोगाव मला फुलमास्तर म्हणत. पुढं बढत्या मिळाल्या, पण ते नाव काही सुटलं नाही.

मी मूळचा कऱ्हाटीचा. आमच्याकडं पाणी कमी, झाडं कमी. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, झालो, शेतकीचा छोटा अभ्यासक्रम केला आणि कामगार म्हणून लागलो. कामगार म्हणजे खात्याचा अगदी खालचा, पायानं हिंडणारा माणूस. पहिल्या वर्षी मी माझ्याच गावात एका म्हाताऱ्याच्या झाडाखाली बसून मोहोर मोजत होतो. म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "मास्तर, तुमी मोजल्यावर एखांदं फूल जास्त येतं का?"

"नाही."

"मग मोजताय कशाला?"

"कुठं आणि कधी गळतात ते कळावं म्हणून."

"ते मी सांगतो की," तो म्हणाला. "आभाळ आलं की गळत्यात."

त्याचं खरं होतं. पण आभाळ आल्यावर का गळतात, ते आम्हाला शोधायचं होतं. आंब्याच्या एका तुऱ्यात हजारांवर फुलं असतात. त्यातली बहुतेक नराची. त्यांना कधीच फळ धरत नाही. भिंगातून पाहिलं तर काही थोड्या फुलांच्या पोटात हिरवा, टाचणीच्या डोक्याएवढा गोळा दिसतो. आंबा व्हायचा तो त्याचाच, आणि तोही शंभरात एखाद्याचा. आभाळ आलं, हवा कोंदटली, की तुडतुडे वाढतात. हा पाचरीसारखा बारीक किडा मोहोराचा रस शोषतो. फांदी हलवली तर वाळल्या पानांवर वाळू सांडल्यासारखा आवाज करत ते उडतात. त्यांच्यामागून भुरी येते. मोहोरावर पिठी धरते आणि सगळा तुरा काळा पडून झडतो. त्यावर गंधकाची भुकटी उडवायची, तीही पहाटे, दंव ओलं असताना. कधी उडवली तर किती फुलं वाचतात, याचा हिशेब लावण्यासाठी ही मोजणी. काही झाडांवर भुकटी मारायची, काही तशीच सोडायची. प्रत्येक झाडाच्या चार दिशांची एकेक फांदी धरायची आणि दर आठ दिवसांनी त्याच फांदीवरचे तुरे मोजायचे. त्याच फांदीवरचे. हा नियम मी इतका पाठ केला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता.

फांद्या ओळखू याव्यात म्हणून पहिल्या वर्षी मी लाल आणि पांढरे दोरे बांधले. बावड्याच्या आमराईत चौथ्या दिवशी एकही दोरा जागेवर नव्हता. सगळे वेशीपाशी लिंबू-मिरच्यांबरोबर जाळलेले सापडले. गावात दोन पोरं तापानं फणफणली होती आणि बायांनी ठरवलं की फुलमास्तरानं झाडांवर करणी केली. आमराईचे मालक आबा मोठे समजूतदार गृहस्थ. त्यांनी मला ओसरीवर बसवून गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "मास्तर, झाडाला लाल दोरा बांधू नगा बाबा. बाया भ्याल्यात. दुसरं कायबी बांधा." मग मी रॉकेलच्या डब्याचे पत्रे कापून त्यांवर दाभणानं आकडे कोरले आणि ते टांगले. त्यांची कुणाला भीती वाटली नाही.

बावड्याची ती आमराई नीरेच्या बाजूला. तीसेक झाडं, सगळी रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेली. त्यामुळं प्रत्येक झाडाची चव निराळी आणि प्रत्येकाला नाव. शेंदऱ्या, केळ्या, गोटी, शेप्या. खोबऱ्या नावाचं झाड सगळ्यांत उंच. त्याचा कच्चा आंबा खोबऱ्यासारखा लागायचा. माझ्या मोजणीसाठी निवडलेल्या सहा झाडांत तो चौथा.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, जी मी नोकरीत बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मला झाडावर चढता येत नाही. म्हणजे चढता येतं, पण दोन पुरुष उंचीवर गेलो की डोळ्यांपुढं सगळं फिरायला लागतं आणि हातांना घाम सुटतो. नोकरीला लागताना विचारलं होतं, झाडावर चढता येतं ना? मी हो म्हणालो. शेतकऱ्याचा मुलगा नाही कसं म्हणणार? मोजणीच्या वहीत प्रत्येक पानाखाली छापलेलं असे, "वरील मोजणी मी स्वतः चढून केली आहे." त्याखाली माझी सही.

चढायचा धोंडिबा. तो आंबे उतरवणारा होता. उन्हाळ्यात गावोगावच्या आमराया उतरवून द्यायचा, एरवी मिळेल ते काम. माझ्याच वयाचा, अंगानं काटक, आणि झाडावर गेला की बोलका. जमिनीवर त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. त्याची बायको हौसा बरोबर यायची. त्या दोघांनी मला फुलं कशी मोजायची ते शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. धोंडिबा वरून मोठ्यानं आकडा म्हणायचा. हौसा खाली पदरात चिंचोके घेऊन बसायची आणि दर दहाला एक चिंचोका बाजूला टाकायची. चिंचोक्यांचे ढीग फांदीनिहाय वेगळे. मी लिहून घ्यायचो. एकदा माझं पान वाऱ्यानं उडून पाण्याच्या चारीत पडलं आणि शाई पसरली, तर हौसानं चारही फांद्यांचे आकडे तोंडपाठ सांगितले. मी ताडून बघायला धोंडिबाला पुन्हा चढवलं. एकही चुकला नव्हता.

मग धोंडिबा प्रत्येक फांदीवरचा एक तुरा खुडून टोपलीतून खाली सोडायचा. तो मी धोतरावर पसरून भिंगानं बघायचो. हौसालाही भिंग दिलं. पहिल्यांदा फुलाच्या पोटातला हिरवा गोळा दिसला तेव्हा तिनं भिंग पटकन खाली ठेवलं. म्हणाली, "अगं बाई, ह्यो तर हितंच बसलाय." दुसऱ्या आठवड्यापासून ती माझ्यापेक्षा भराभर फुलं निवडायला लागली. या कामाबद्दल मी त्यांना हंगामाला ज्वारी द्यायचो. वहीत मात्र त्या दोघांचं नाव कुठंही नव्हतं. ते असतं तर माझी सही खोटी ठरली असती.

दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या हंगामात माघात एकदा धोंडिबानं खोबऱ्यावरून हाक दिली.

"मास्तर, हितं भुसा गळतुया."

"कुठं?"

"उगवतीच्या फांदीच्या बेचक्यात. भिरूड लागलंय वाटतं. फांदी आतनं पोकळ वाजती."

भिरूड म्हणजे आंब्याच्या खोडात शिरणारी अळी. ती आतल्या आत लाकूड खात जाते आणि बाहेर भुसा टाकते. वरून फांदी हिरवीगार दिसते, मोहोरही येतो. मी खाली बुंध्याशी पाहिलं. लाकडाचा पिवळसर भुसा पडलेला होता, पायानं सारला तर मूठभर भरेल एवढा. मी तो पाहिला. नंतर अनेकदा मनाशी म्हणून पाहिलं की नीट पाहिला नव्हता, पण पाहिला होता.

"आपण फुलं मोजतोय धोंडिबा," मी म्हणालो. "खोडकिड्याचा तक्ता वेगळा असतो. तू तुरे सांग."

त्यानं तुरे सांगितले. त्या फांदीवर मोहोर सगळ्यांत दाट होता. मरू घातलेलं झाड कधी कधी असं भरभरून फुलतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आबांच्या कानावर घालायला हवं होतं. फांदी तोडा असं ते म्हणाले असते. आणि तेच मला नको होतं. फांदी तोडली असती तर तीन हंगामांची ओळ तुटली असती.

त्यानंतरच्या आठवड्यात वरच्या साहेबांची तपासणी ठरली. साहेब कडक होते पण माणूस न्यायी. ते येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही मोजणी पुरी करायला बसलो. सकाळची वेळ. आमराईभर माश्यांची गुणगुण. शेंदऱ्या, केळ्या, गोटी झाले. खोबऱ्याच्या तीन फांद्या झाल्या. चौथ्या फांदीपाशी धोंडिबा थांबला.

"मास्तर, आज ही ऱ्हाऊ द्या. मी दोर टाकून वाकवतो, खालनं बघून घेऊ."

"वाकवली तर मोहोर झडेल."

"मग पल्याडची धरू. तीबी उगवतीचीच हाय."

"पहिल्यापासून हीच धरली आहे. मधेच बदलली तर मागचं सगळं वाया जाईल. उद्या साहेब काय विचारतील?"

हौसा खालून म्हणाली, "अवो, न्हाय म्हनत्यात तर ऱ्हाऊ द्या की, मास्तर."

मी म्हणालो, "हौसाबाई, दोन मिनिटांचं काम आहे."

धोंडिबा फांदीवर पोटावर सरकत गेला. पाय मागं बेचक्यात अडकवलेले. मोजायला लागला. हौसा चिंचोके टाकू लागली. तीस. चाळीस. पंचेचाळीसनंतर त्याचा आवाज थोडा हळू झाला. सत्तेचाळीस म्हणाला. फांदी मोडताना आधी करकरते, असा माझा समज होता. पोकळ फांदी तशी करकरत नाही. एक भिजलेला आवाज झाला, जाड कापड फाटल्यासारखा, आणि फांदी त्याच्यासकट खाली आली. वारा नव्हता, काही नव्हतं. मोहोराचा एवढा धुरळा उडाला की क्षणभर काहीच दिसेना. मग दिसला तो फांदीखाली पालथा पडलेला.

शुद्धीवर होता. रक्त फारसं नव्हतं. आम्ही फांदी बाजूला ओढली. तो म्हणाला, "हौसे, पाय कुठं गेलं माझं?" पाय जागेवरच होते. तिनं ते हातांनी चोळले आणि विचारलं, "कळतंय का?" तो म्हणाला, "कुठं चोळतीस?"

आबांनी गाडी जुंपून दिली. बाजेवर घालून त्याला इंदापूरच्या दवाखान्यात नेलं. प्रत्येक खाचखळग्यात गाडी आदळली की तो डोळे मिटायचा. डॉक्टरांनी पाठ तपासली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की मणका मोडलाय, इथं काही होण्यासारखं नाही, पुण्यालाही होईल असं वाटत नाही. हौसाला तिथं ठेवून मी रातोरात परत आलो. उद्या साहेब येणार होते. परत येताना दर कोसावर मी मनाशी घोकत होतो की साहेबांना सगळं सांगायचं.

साहेब आले तेव्हा अपघाताचं त्यांच्या कानावर आलेलं होतं. मोडकी फांदी तिथंच पडलेली होती. त्यांनी ती पाहिली, मग वही मागितली, पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून विचारलं, "तुम्ही स्वतः चढता ना?"

"हो."

"मग तो माणूस वर काय करत होता?"

हा प्रश्न त्यांनी सरळपणे विचारला. मला कुणी धमकावलं नाही, कुणी सुचवलं नाही. उत्तर माझ्याच तोंडून आलं. मी म्हणालो, "मध काढायला चढला असावा."

खोबऱ्याला भिडलेल्या शेजारच्या चिंचेवर मधाचं एक पोळं होतं. साहेबांनी तिकडं पाहिलं, मान हलवली आणि वहीवर सही केली. जाताना म्हणाले, "अपघात वाईट झाला. पण नोंदी चोख आहेत तुमच्या."

तेव्हा धोंडिबा जिवंत होता. पाच-सहा कोसांवर दवाखान्यात पडून होता, बोलत होता. मेलेल्या माणसावर आळ घेणं वेगळं. मी जिवंत माणसावर घेतला, आणि तोही त्याला कळू न देता.

तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. ताप चढला होता. हौसा उशाशी बसून ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसत होती. त्यानं मला ओळखलं.

"मास्तर, तुमचं काम आडलं."

"काही नाही अडलं. तू बरा हो."

"हौसाला फुलं वळखता येत्यात. तिला ठिवा कामाला." थोडा थांबून म्हणाला, "पर झाडावर चढवू नगा."

मी हो म्हणालो. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

अपघाती मृत्यू म्हणून पोलीस पाटलांना पंचनामा करावा लागला. बावड्याच्या चावडीत पाटील, आबा, दोन पंच आणि मी. हौसा चावडीच्या पायरीखाली उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन, कडेवर दोन वर्षांची मुलगी. साहेबांच्या कानावर मी घातलेली गोष्ट तोवर गावात पसरली होती. पाटलांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, की सदर इसम मध काढण्याच्या इराद्यानं आंब्याच्या झाडावर चढला असता फांदी मोडून खाली पडला.

पायरीखालून आवाज आला, "त्या झाडावर पोळं न्हवतं."

पाटील म्हणाले, "बाई, मधी बोलू नगंस."

"पोळं चिंचंवर हाय. आमी फुलं मोजत व्हतो. मास्तरास्नी इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबाही. आबांना माहीत होतं की धोंडिबा माझ्या कामाला येतो, पण त्या दिवशी तो कशाला चढला, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पाटलांनी विचारलं, "काय मास्तर?"

मी म्हणालो, "मोजणी आधीच संपली होती. नंतर तो कशाला चढला ते मला सांगता येत नाही."

हौसानं माझ्याकडं पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं मुलीला कडेवर सावरलं आणि तिथंच उभी राहिली. पंचांचे अंगठे उठेपर्यंत, माझी सही होईपर्यंत ती तशीच उभी होती.

त्या हंगामाच्या तक्त्यात खोबऱ्याच्या पूर्वेच्या फांदीपुढं मी "फांदी मोडली" असं लिहिलं. बाकीची मोजणी एका नव्या माणसाला घेऊन पुरी केली. हौसाला कामाला ठेवलं नाही. ती आली असती की नाही, हे विचारण्याचीही माझी हिंमत झाली नाही. पहाटे दंवात मारलेल्या गंधकानं मोहोर चांगला वाचतो, हे आमच्या आकड्यांवरून दिसलं. पुढं बागाईतदारांना आम्ही तेच शिकवलं आणि पुष्कळांच्या बागा वाचल्या. काम खरं होतं, एवढं मी आजही म्हणेन. मला बढती मिळाली आणि दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली.

सहा-सात वर्षांनी, तिसाचं दशक संपत आलं तेव्हा मी परत इंदापूर तालुक्यात आलो. आता माझं काम डाळिंबाच्या बागांचं होतं. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास डाळिंबाला फुलं आणतात, त्याला आंबे बहार म्हणतात. झाडाला आधी पाण्याचा ताण द्यायचा, पानं झडू द्यायची, मग पाणी सोडलं की झाड लाल फुलांनी भरतं. यातलीही सगळी फुलं धरत नाहीत. बुडाशी निमुळतं फूल वांझ, बुडाशी फुगीर ते फळाचं. भिंगाची गरज नाही, बोटांना कळतं. चढायचीही गरज नाही.

वरकुट्याच्या एका बागेत मी असाच फुलं चाचपत होतो. बाया खालचा पाला गोळा करत होत्या. त्यातल्या एकीनं कंबर सरळ केली आणि म्हणाली, "फुलमास्तर न्हवं?"

हौसा होती. केस पांढरे झालेले. वयानं तशी म्हातारी नव्हती.

तिनंच सांगितलं. त्या वर्षी उन्हाळ्यात धोंडिबाच्या भावाला बावड्यात कुणी आमराई उतरवायला दिली नाही. मधचोराचा भाऊ म्हणून. पुढच्या वर्षीही नाही. तिला कुणी राखणीला, खुरपणीला बागेत घेईना. मग ती वरकुट्याला माहेरी आली. इथंही ते नाव पोचलं होतं. मुलगी आता आठ-नऊ वर्षांची. पाणवठ्यावर पोरी तिला मधचोराची लेक म्हणत.

"हौसाबाई," मी म्हणालो, "मी लिहून देतो. खरं काय घडलं ते सगळं लिहून सही करून देतो."

"कागुद घिऊन मी काय करू?" ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाय. चावडीत तोंडानं बोलला हुता न्हवं तुमी? तसंच तोंडानं सांगा. तितंच जाऊन सांगा."

मी खात्याला पत्रही लिहिलं. याआधी तीन वेळा लिहून फाडलेलं होतं. या वेळी टाकलं. नोकरी जाईल असं धरून चाललो होतो. महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं की प्रकरण पूर्वीच निकालात निघाले आहे, सबब पुन्हा उघडण्याचे कारण दिसत नाही. ज्या नोकरीच्या भीतीनं मी खोटं बोललो, ती खरं सांगूनही गेली नाही.

पत्र टाकलं त्याच आठवड्यात बावड्याला गेलो. आबा वारले होते. जुने पाटीलही गेले होते, त्यांचा मुलगा पाटील झाला होता. बाजारचा दिवस होता, चावडीपुढं पंधरा-वीस माणसं बसलेली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मला चढता येत नव्हतं. धोंडिबा माझ्या सांगण्यावरून चढला. फांदी पोकळ आहे हे त्यानं मला सांगितलं होतं. तो नको म्हणत होता. मध नव्हता. मी खोटं बोललो.

सगळे ऐकत होते. मग एक तरणा माणूस म्हणाला, "कोन धोंडिबा?"

शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं, "अरं, त्यो न्हाय का, आबांच्या आमराईत मध चोरताना पडलेला."

मी म्हणालो, "तात्या, तो मध चोरत नव्हता. तेच सांगतोय मी."

"आता तुमी कायबी सांगा मास्तर. तवा हितंच उभं ऱ्हाऊन तुमी दुसरं सांगितलं व्हतं. मी आयकलंय."

पाटील जरा अवघडून म्हणाला, "मास्तर, माझ्या वडलांच्या हातचा कागद दप्तरात हाय. त्यावर पंचांचं अंगठं हायत, तुमची सई हाय. सरकारी कागद खोटा म्हनायचा, तर मग खरं काय धरायचं आमी?"

दुसरा कुणीतरी हसत म्हणाला, "त्या बाईनं गाठलं आसंल मास्तरास्नी. दया आली आसंल."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. मग एकेक माणूस बाजाराकडं जायला उठला. कुणी वाईट बोललं नाही. पाटलानं चहा मागवला. तो मी प्यालो नाही.

आमराईत जाऊन आलो. खोबऱ्या वाळला होता. त्याचं सरपण केव्हाच झालं होतं. बाकीची झाडं मोहोरलेली होती. मी त्यांच्याकडं फार वेळ बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी वरकुट्याला गेलो. हौसा बागेतच होती, शेवटच्या ओळीत पाला भरत होती. मला बघून तिनं पाटी खाली ठेवली.

"गेलता?"

"जाऊन आलो. चावडीत सगळ्यांपुढं सांगितलं."

"काय म्हनालं?"

खोटं सांगणं सोपं होतं. लोकांना पटलं, असं म्हणालो असतो तर तिला पुन्हा बावड्याला जाऊन बघायचं कारण नव्हतं. पण मी म्हणालो, "कुणालाच पटलं नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. चावडीच्या पायरीखालून बघितलं होतं तसंच. मग म्हणाली, "मी बी त्या दिशी खरंच सांगत व्हते, मास्तर. मला बी कुनी मानलं न्हाय. आन् तुमी तितंच बसला व्हता."

तिनं पाटी उचलली आणि पुढच्या झाडाकडं गेली. मला बस म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. मी बराच वेळ बांधावर उभा होतो.